सोबत शोधणारं भूत

रात्र झाली की जिन्याची एक सैल फळी करकरते आणि पाठोपाठ बैठकीच्या खोलीचं दार कुरकुरतं. हे दोन आवाज आले की व्हिटेकर नवरा-बायकोला कळतं, निजायची वेळ झाली. त्यांच्या हर्मन नावाच्या मांजराला कळतं, आता फेरीला निघायचं. मिस ऑलिव्हर या घुबडाला कळतं, आता डोळे उघडायचे. हे आवाज करतो जॉर्जी, त्या घरात राहणारं एक लहानसं, लाजाळू भूत. रॉबर्ट ब्राइट यांनी स्वतः लिहिलेलं आणि स्वतःच चितारलेलं ‘जॉर्जी’ अमेरिकेत १९४४ साली निघालं. माणसांच्या जगात एकट्या भुताला जागा कशी मिळते हे मुलांना सांगणारी पुस्तकं पुढे पुष्कळ आली, पण त्या सगळ्यांत हे आजही पहिल्या रांगेत ठेवावं लागतं.

एके दिवशी व्हिटेकर जिन्याच्या फळीला खिळा ठोकतात आणि दाराच्या बिजागरीला तेल घालतात. झालं, घर मुकं होतं. जॉर्जीला करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून तो नवं घर शोधायला बाहेर पडतो. गावातल्या प्रत्येक घरात आधीच एकेक भूत आहे. एक घर रिकामं मिळतं, पण ते इतकं उदास की भूत असूनही जॉर्जीच्याच अंगावर काटा येतो. शेवटी तो गोठ्यात मुक्काम करतो, आणि गाय त्याच्याकडे लक्ष न देता रवंथ करत राहते. इकडे व्हिटेकरांच्या घरात कोणालाच कळेनासं होतं की कधी झोपायचं आणि कधी उठायचं. मग हिवाळा येतो. थंडी आणि ओल खिळ्याला सैल करते, बिजागरीवर गंज चढवते, आणि जॉर्जीला परत बोलावणं जातं.

या गोष्टीत जॉर्जीचे कोणी आभार मानत नाही. त्याला कोणी मिठी मारत नाही, त्याच्याशी कोणी दोन शब्द बोलतही नाही. तरी तो त्या घराचा आहे, कारण त्याच्यावाचून घराची घडी विस्कटते. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे लगेच समजतं. स्वयंपाकघरातल्या गडबडीत त्याच्याकडेही कोणाचं लक्ष नसतं, पण ते एक दिवस घरात नसलं तर काय होतं, हे त्याला ठाऊक असतं.

या प्रस्तावनेचा विषय अशीच पुस्तकं आणि त्यांची भावंडं आहेत. भूत आहे, ते एकटं आहे, आणि त्याला कोणीतरी हवं आहे. एवढ्याशा भांडवलावर गेल्या ऐंशी वर्षांत चित्रपुस्तकांचा एक भरघोस प्रकार उभा राहिला. वरवर पाहता या गोष्टी भीती घालवण्यासाठी आहेत असं वाटतं, आणि पालक त्या बहुतेक वेळा त्यासाठीच विकत घेतात. वाचू लागलं की मात्र लक्षात येतं, त्यातलं भूत म्हणजे नव्या शाळेत मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभं राहिलेलं मूल आहे. इतर मुलं खेळतायत, आणि त्याला कोणी लिंबूटिंबू म्हणूनसुद्धा घेतलेलं नाही. मुलांना या पुस्तकांतल्या भुताची भीती वाटत नाही, कारण ती पहिल्या पानापासून भुताच्याच बाजूला बसलेली असतात.

म्हणून या सगळ्या पुस्तकांना एकच प्रश्न विचारून पाहावा. भुताला शेवटी दारातून आत घेतलं जातं ते कशाच्या बळावर? उपयोगी पडलं म्हणून, खोटं बोललं म्हणून, की नुसतं ते आहे म्हणून? या उत्तरावर पुस्तकाची प्रत ठरते.

या कुळाचा मूळपुरुष चित्रपुस्तकात सापडत नाही. ऑस्कर वाइल्ड यांची ‘द कँटरव्हिल घोस्ट’ ही दीर्घकथा १८८७ साली लंडनच्या एका साप्ताहिकात आली. इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यात ओटिस हे अमेरिकन कुटुंब राहायला येतं. तिथलं तीनशे वर्षांचं भूत, सर सायमन, रात्री साखळ्या खळखळवत निघतं, तर ओटिससाहेब त्याला साखळ्यांना लावायला तेलाची बाटली देतात. घरातली जुळी पोरं त्याला उशा फेकून मारतात. ब्राइट यांच्या पुस्तकात बिजागरीला घातलेलं तेल वाचताना या बाटलीची आठवण हमखास होते. दोन्हीकडे तेल भुताचा आवाजच काढून घेतं. वाइल्डच्या कथेचा स्वर पुढे एकाएकी बदलतो. पंधरा वर्षांच्या व्हर्जिनियाला ते म्हातारं भूत खिडकीपाशी खिन्न बसलेलं दिसतं. इतकी शतकं त्याला झोप लागलेली नाही. ती त्याच्यासाठी रडते, प्रार्थना करते आणि त्याला शांती मिळते. भुताला पाहून किंचाळायचं की त्याची विचारपूस करायची, या दोन वाटांतली दुसरी वाट एका मुलीने धरली, आणि नंतरच्या कितीतरी पुस्तकांतली मुलं तिच्याच मागून चालली.

कॅस्परचं नाव मराठी वाचकांनाही ठाऊक आहे, निदान टीव्हीमुळे तरी. त्याचा जन्म मात्र पुस्तकासाठी झाला होता. सिमोर राइट आणि जो ओरिओलो या दोघा अमेरिकन कलावंतांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुलांच्या सचित्र पुस्तकासाठी ही कल्पना तयार केली. ते पुस्तक निघालं नाही. हक्क अगदी तुटपुंज्या रकमेत पॅरामाउंटच्या ‘फेमस स्टुडिओज’कडे गेले. तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि राइट लष्करी नोकरीत होते. १६ नोव्हेंबर १९४५ रोजी ‘द फ्रेंडली घोस्ट’ हा पहिला व्यंगपट पडद्यावर आला.

तो व्यंगपट आज पाहिला तर धक्का बसतो, इतका त्यातला एकटेपणा उघडा आहे. इतर भुतं रात्री माणसांना घाबरवायला जातात, आणि कॅस्पर घरी बसून मित्र कसे जोडावेत या विषयावरचं पुस्तक वाचतो. डेल कार्नेगी यांचं त्या विषयावरचं गाजलेलं पुस्तक १९३६चं, तेव्हा प्रेक्षकांना खूण लगेच पटली असणार. कॅस्पर घर सोडतो. वाटेत कोंबडा भेटतो, मांजर-उंदीर भेटतात. कॅस्पर हात पुढे करतो आणि प्रत्येक जण जीव घेऊन पळतो. निराश होऊन तो रेल्वेच्या रुळांवर आडवा होतो. आगगाडी त्याच्या आरपार निघून जाते. मुलांसाठीच्या व्यंगपटात हे दृश्य होतं यावर आज विश्वास बसत नाही, आणि आजच्या लहान मुलांना ते दाखवू नये, असंच सांगावं लागेल. त्यानंतर बॉनी आणि जॉनी ही भावंडं त्याला विचारतात, आमच्याशी खेळतोस का? त्यांची आई घाबरून त्याला हाकलते. दारात सावकारी बँकेचा माणूस उभा असतो, घर गहाण पडलेलं असतं. कॅस्परला पाहून तो पळ काढतो, घर वाचतं, आणि आई कॅस्परला पोटाशी धरते.

मंदीच्या काळात घरं जाताना पाहिलेल्या अमेरिकन प्रेक्षकांना हा शेवट फार गोड लागला असणार. तरी त्यात एक खोट आहे. कॅस्पर घरातून निघाला तो कोणाला घाबरवायचं नाही म्हणून. त्याला घर मिळालं ते त्याने योग्य माणसाला घाबरवलं म्हणून. त्याचा स्वभाव मुलांनी ओळखला, पण मोठ्यांनी त्याला आत घेतलं ते फायदा झाल्यावर. १९४८च्या एका व्यंगपटात याहून वेगळी वाट निघाली. त्यात कॅस्परची मैत्री कोल्ह्याच्या पिलाशी होते, शिकारी मागे लागतात, पिल्लू मरतं, आणि भूत होऊन कॅस्परकडे परत येतं. १९५२पासून हार्वी कॉमिक्सने कॅस्परची नियतकालिकं काढली आणि त्यात तो जन्मतःच भूत असल्याचं धरलं, म्हणजे मेलेल्या मुलाचा विषय निघायला नको. १९९५च्या हॉलीवूडपटाने मात्र तो आजारपणात गेलेला मुलगा होता हे सरळ सांगितलं. मुलांना मृत्यूबद्दल किती सांगायचं, यावरचं मोठ्यांचं मत कसं बदलत गेलं, ते या एका पात्रावरून वाचता येतं.

‘लिओ : अ घोस्ट स्टोरी’ हे पुस्तक सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रॉनिकल बुक्सने २०१५ साली काढलं. लेखक मॅक बार्नेट, चित्रकार ख्रिश्चन रॉबिन्सन. न्यूयॉर्क टाइम्सच्या त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट सचित्र पुस्तकांत त्याची निवड झाली. लिओ एका रिकाम्या घरात राहतो, पुस्तकं वाचतो, धुळीत चित्रं काढतो. नवं कुटुंब राहायला येतं तेव्हा तो पाहुणचार म्हणून पुदिन्याचा चहा आणि मध लावलेला टोस्ट घेऊन जातो. त्यांना लिओ दिसत नाही. त्यांना हवेत तरंगत येणारा ट्रे दिसतो. ते न्हाणीघरात लपतात आणि भूत काढायला शास्त्रज्ञ, धर्मगुरू आणि मांत्रिक बाई अशा तिघांना बोलावतात. आपण नकोसे आहोत हे कळल्यावर लिओ मुकाट्याने घर सोडतो. शहरात त्याला जेन भेटते. ती राजा-सरदारांचा खेळ खेळत असते आणि लिओला सरळ खेळात घेते. तिची समजूत अशी की लिओ हा तिच्या कल्पनेतला मित्र आहे.

इथे पुस्तक एका खऱ्याखुऱ्या गोष्टीवर उभं आहे. ओरेगन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सात वर्षांपर्यंतच्या सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा काल्पनिक सोबती होता असं आढळलं. अशी मुलं एकलकोंडीच असतात, ही समजूतही टेलर यांच्या कामाने खोडून काढली. म्हणजे जेनसारखं मूल विरळा नाही. लिओची अडचण मात्र खरी आहे. तो काल्पनिक नाही. मित्र मिळाला, पण तो खोट्यावर मिळाला, आणि ते खोटं त्याला बोचतं.

रात्री घरात चोर शिरतो. लिओ चादर अंगावर घेऊन त्याला घाबरवतो, कपाटात कोंडतो, पोलीस येतात. मग तो जेनजवळ कबुली देतो, आणि जेनला खरा भूतमित्र उलट जास्तच आवडतो. कबुलीचं पान या पुस्तकाचा गाभा आहे आणि ते फार सुरेख उतरलं आहे. चोराचं प्रकरण नसतं तरी ते तसंच उतरलं असतं. लेखकाला भुताची बाजू भक्कम करावीशी वाटली आणि त्याने १९४५मधली जुनी युक्ती वापरली, एवढंच त्याबद्दल म्हणता येईल.

रॉबिन्सनच्या चित्रांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हा प्रकार मुळात चित्रांवर जगतो. भूत पात्रांना दिसायचं नाही आणि वाचकाला दिसायचं, ही अडचण नुसत्या शब्दांत सुटत नाही. रॉबिन्सन निळ्या-काळ्या मोजक्या रंगछटांत काम करतो आणि लिओला निळ्या रेषेने रेखतो. रेषेच्या आत घराच्या भिंती, रस्ता, जे मागे असेल ते दिसत राहतं. त्यामुळे पानावरच्या मोठ्या माणसांना जे कळत नाही ते मांडीवर बसलेल्या मुलाला कळतं. लहान मुलाच्या आयुष्यात असा प्रसंग क्वचित येतो. एरवी सगळं आधी मोठ्यांना माहीत असतं. इथे तेच मोठ्यांना बोटाने दाखवतं, हा बघ इथे आहे. चित्रपुस्तक सहसा बत्तीस पानांचं असतं, त्यामुळे एकही पान वाया घालवून चालत नाही, आणि चांगला चित्रकार भुताची पहिली भेट नेहमी पान उलटल्यावर ठेवतो.

युरोप-अमेरिकेतलं भूत पांढऱ्या चादरीत असतं त्याचं कारण तिथे मृतांना लिननच्या कापडात गुंडाळून पुरत. कॅनडाच्या रिएल नेसन या लेखिकेने ही चादरच बदलून टाकली. त्या स्वतः गोधड्या शिवतात. ‘द लिटल घोस्ट हू वॉज अ क्विल्ट’ या २०२०च्या पुस्तकात त्यांचं छोटं भूत चादर नसून गोधडी आहे. चित्रं बायरन एगेन्श्विलर यांची. इतर भुतं हलकी, भुर्रकन उडणारी. हे जड, उकडून हैराण होणारं आणि मागे पडणारं. त्यामुळे त्याचं एकटेपण भुतांमध्येच सुरू होतं. ज्यांच्या घरी आजीने शिवलेल्या गोधड्या आहेत अशा आपल्याकडच्या मुलांना हे पुस्तक समजावून द्यावं लागणार नाही.

या सर्वांपेक्षा कठीण पुस्तक जपानचं आहे. हामादा हिरोसुके (१८९३–१९७३) हे यामागाता प्रांतातल्या ताकाहाता गावचे. त्यांची लाल राक्षसाची गोष्ट १९३३ची. पुढे वेगवेगळ्या चित्रकारांनी तिची चित्रपुस्तकं केली आणि जपानी शाळांतूनही ती शिकवली गेली. काटेकोरपणे पाहिलं तर तिच्यातले ‘ओनी’ भुतं नव्हेत, शिंगांचे राक्षस आहेत. पण त्यांची भूक तीच. लाल राक्षसाला माणसांशी मैत्री करायची आहे. तो घराबाहेर पाटी लावतो की इथे चांगल्या मनाचा राक्षस राहतो, या, खाऊ तयार आहे, चहाही तयार आहे. गावकरी पाटी वाचतात आणि घाबरून पळतात. संतापून तो पाटी मोडून टाकतो. तेवढ्यात त्याचा दोस्त निळा राक्षस येतो आणि तोड सुचवतो. मी गावात जाऊन धुमाकूळ घालतो, तू येऊन मला मार, म्हणजे लोकांचा तुझ्यावर विश्वास बसेल. तसंच होतं. लाल राक्षसाकडे माणसांची ये-जा सुरू होते, रोज चहा, रोज गप्पा. काही दिवसांनी त्याच्या लक्षात येतं की निळा मित्र फिरकलेला नाही. तो त्याच्या घरी जातो. दार बंद असतं आणि दारावर एक पत्र असतं. माणसांबरोबर सुखाने राहा, मला तुझ्याबरोबर कोणी पाहिलं तर तुझ्यावर संशय येईल, म्हणून मी लांबच्या प्रवासाला जातो आहे, अशा आशयाचं. लाल राक्षस ते पुन्हा पुन्हा वाचतो आणि रडतो. गोष्ट तिथेच संपते.

बाकीच्या पुस्तकांत भूत उपयोगी पडतं आणि सगळे सुखी होतात. हामादांनी त्याची किंमत कोणी भरली ते दाखवलं. गावाला पटण्यासाठी कोणीतरी वाईट ठरावं लागलं, आणि ज्याला वाईट ठरवलं तोच खरा मित्र होता. सहा वर्षांच्या मुलाला हे सोसेल का, असं अनेक पालक विचारतात. सोसतं. कट्टी झालेला मित्र परत बोलेल की नाही या काळजीत घालवलेली संध्याकाळ मुलांना माहीत असते. मोठ्यांनी फक्त एक पाळावं, पत्राच्या पानावर थांबून तात्पर्य सांगू नये. मूल काय विचारतं ते ऐकावं. लाल राक्षस निळ्याला शोधायला का गेला नाही, असा प्रश्न आला तर त्याला तयार उत्तर नाही आणि ते शोधूही नये.

मराठी मुलखात भुतांना तोटा नाही. रानात वाट चुकवणारा चकवा आहे, पाण्यात ओढणारा गिऱ्हा आहे, उलट्या पायांची हडळ आहे. त्याच मुलखात भुतांशी शेजारधर्माने वागायची रीतही जुनी आहे. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा भुतांचा अधिपती मानला जातो. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात या श्रद्धेने लोक त्याला मोठमोठ्या चामडी वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. गोव्यातला देवचारही असाच राखणदार. जॉर्जीसारखंच यांचं गावात ठरलेलं काम आहे, आणि कामासोबत मानही.

मात्र इथल्या कल्पनेत भूत कायम राहिलेलं चांगलं मानत नाहीत. त्याची इच्छा अडकलेली असते आणि ती सोडवून त्याला वाटेला लावणं ही खरी दया. वाइल्डच्या कथेवर बेतलेल्या २००८च्या ‘भूतनाथ’ या हिंदी चित्रपटात लहानग्या बंकूची भुताशी मैत्री जमते आणि गोष्ट श्राद्धापर्यंत जाते, ती यामुळेच. अमेरिकन लिओ टोस्ट खात जेनच्या घरी राहतो. आपल्याकडचा मित्र निरोप घेतो. निरोपावर संपणारं भुताचं चित्रपुस्तक ही वेगळी आणि मोठी शक्यता आहे, आणि तिच्यासाठी पात्र तयार आहे.

ते पात्र म्हणजे मुंजा. मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, पिंपळावर एकटा राहणारा. मोठ्यांनी त्याची दहशत घेतली. २०२४चा हिंदी ‘मुंज्या’ हा चित्रपट कोकणात घडतो आणि त्याचा मुंजा हट्टाने माणसांच्या मानगुटीवर बसतो. पण लोककथेतली मूळ हकिकत वाचली तर समोर येतो तो आठ-दहा वर्षांचा मुलगा. त्याचे सवंगडी मोठे झाले, त्यांची लग्नं झाली, नातवंडं झाली, आणि तो त्याच वयाचा राहिला. पिंपळाखालून मुलं रोज शाळेत जातात. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांनी घरातल्या साध्या माणसांना चित्रपुस्तकात किती जिव्हाळ्याने आणता येतं ते मराठीत दाखवून दिलं आहे. तो जिव्हाळा आता पिंपळावरच्या मुलाच्या वाट्याला यायला हवा. मराठी चित्रकारांनी आणि लेखकांनी मुंजाला खेळायला घ्यावं. त्याला जो मित्र भेटेल त्याने त्याचं नाव विचारावं, त्याच्याबरोबर एक डाव खेळावा, आणि त्याच्या जागेसाठी त्याला चोर पकडायला लावू नये.